नर नंबर सात

मंडळी, बिनचूक डॉक्टरांच्या हातून आयुष्यात एकही चूक झाली नव्हती! असं अर्थात त्यांचंच म्हणणं होतं. सकाळी प्रयोगशाळेचं दार उघडताना ते हे म्हणत, दुपारी डबा उघडताना म्हणत, आणि सकाळी कुणी ऐकलं नसेल तर काय घ्या, म्हणून संध्याकाळी दार लावताना पुन्हा म्हणत.

प्रयोगशाळा जनावरांच्या रोगांची. तिथे डॉक्टरांकडे डुकरांचं खातं. डुकराचं रक्त यायचं, आणि त्याच्या अंगात कुठला परजीवी घुसला होता का, हे डॉक्टर सांगायचे.

"इतकी वर्षं डुकरांचं रक्त हाताळतोय," ते छाती पुढे काढून सांगत, "पण एका डुकराचा थेंब दुसऱ्याच्या नळीत गेला असेल तर मिशी उतरवीन!"

मिशी त्यांना नव्हतीच. शेवटी सहकाऱ्यांनी कंटाळून त्यांचं नावच 'बिनचूक' ठेवलं. हा टोमणा होता. डॉक्टरांना तो किताब वाटला, आणि त्यांनी तो हसतमुखाने स्वीकारला!

तर अशा या डॉक्टरांची गाठ पडली काकूंशी.

काकू म्हणजे गावाबाहेरच्या डुक्करफार्मच्या मालकीणबाई. वयाने साठीच्या, उंचीने बेताच्या, आणि आवाज असा की त्यांनी कुणाला प्रेमाने "या, बसा" म्हटलं तरी रस्त्यावरून जाणारा सायकलवाला दचकून खाली उतरावा! त्यांच्या फार्मवर सहा नर होते, आणि सहाही त्यांचे जीव की प्राण. हवालदार, मास्तर, वकील, गवई, भाऊजी आणि जावई अशी त्यांची नावं. येत्या रविवारी जनावरांचं मोठं प्रदर्शन होतं, आणि या सहा जणांना तिथे मिरवायचं काकूंनी वर्षभर आधीच ठरवलेलं होतं. अट एकच. प्रत्येक नराच्या रक्ताची तपासणी हवी, आणि प्रयोगशाळेचा दाखला हवा.

डॉक्टर रक्त घ्यायला आले, ते फाटकातूनच बोलत आले.

"मांजर आहे का फार्मवर?"

"नाही."

"खाद्याच्या खोलीत उंदीर?"

"मी असताना?" काकू म्हणाल्या. उत्तर पुरेसं होतं.

"छान! मांजर म्हणजे या रोगाचं माहेर, काकू! हा परजीवी मांजराच्या विष्ठेतून बाहेर पडतो, खाद्यात मिसळतो आणि डुकराच्या अंगात मुक्काम ठोकतो. वरून काही कळत नाही. पण रक्ताला कळतं! एकदा का त्याची गाठ पडली, की रक्त त्याच्यासाठी अँटीबॉडी तयार करतं. चोर कोपऱ्यात लपून बसतो, पण नाक्यावरची पोलिस चौकी काही उठत नाही. मी ती चौकी शोधतो! मांजर पाळणाऱ्या माणसाला तर मी फार्मच्या जवळही फिरकू देत नाही!"

मग रक्त काढायचा कार्यक्रम सुरू झाला. डुकराच्या वरच्या जबड्याला फास लावून त्याला धरायचं आणि मानेतल्या शिरेतून रक्त ओढायचं, एवढंच काम. पण डुक्कर त्या वेळी जे ओरडतं, ते ऐकून लांबच्या शाळेतल्या मुलांना सुट्टीची घंटा झाल्यासारखं वाटतं! गवईने वरचा सूर लावला. वकिलाने शेवटपर्यंत हरकत घेतली. जावयाला तर अजून हातही लागला नव्हता, तरी त्याने रुसून पाण्याची बादली उलथवली, आणि त्या चिखलात डॉक्टर सपशेल बसले.

उठून ते रुमालाने कपडे पुसायला लागले. त्यांच्या तोंडाकडे बघून काकूंना हसू आवरेना.

"पुसा, पुसा! पण साहेब, चिखल सोडला तर माझी पोरं चकचकीत आहेत बरं का. रोज पाइपाने आंघोळ, ताजं खाणं, वेळेवर झोप! तुमचंच रक्त तपासा एकदा. माझी पोरं तुमच्यापेक्षा स्वच्छ निघाली नाहीत तर नाव बदलीन!"

बाकी कुणी हे हसून सोडून दिलं असतं. डॉक्टरांच्या ते थेट काळजात घुसलं. डुक्कर? आपल्यापेक्षा? स्वच्छ?

परतताना त्यांनी गाडीतच ठरवलं. आता आपलं रक्त तपासायचं! सहा डुकरांच्या शेजारी स्वतःचा निकाल मांडायचा आणि काकूंना दाखवायचा. तपासणी अशी होती, की ती कुठल्याही प्राण्याला चालायची. डुक्कर असो, घोडा असो, नाहीतर सरकारी नोकर असो!

प्रयोगशाळेत पोचल्यावर त्यांनी दार लोटलं, दंडाला रबरी नळी दातांनी आवळली आणि स्वतःच स्वतःचं रक्त काढलं. (डुकरांइतके ओरडले नाहीत, पण सूर तोच होता.) अडचण आली ती कॉम्प्युटरपाशी. नमुना नोंदवल्याशिवाय पुढे जाता येईना, आणि कॉम्प्युटरला माणूस हा प्राणीच ठाऊक नव्हता! डॉक्टरांनी जरा विचार केला आणि काकूंच्या फार्मखाली, भाऊजी, जावई वगैरे सहा जणांच्या खाली टाइप केलं : 'नर ७'.

"उद्या सकाळी निकाल बघू आणि लगेच पुसून टाकू," ते स्वतःशी म्हणाले. "चुकण्यासारखं यात आहेच काय!"

या तपासणीची गंमत अशी. प्लास्टिकच्या ताटलीत ओळीने बारीक बारीक वाट्या असतात. प्रत्येक वाटीत मारून ठेवलेले परजीवी टाकायचे आणि वरून तपासायचं रक्त, म्हणजे रक्तातलं निवळ पाणी. अँटीबॉडी नसेल तर परजीवी घरंगळत तळाशी जातात आणि शर्टाच्या बटणासारखा छोटा ठिपका जमतो. अँटीबॉडी असेल तर ती या सगळ्यांना एकमेकांशी जखडून टाकते, आणि वाटीभर चादर पसरते. ठिपका म्हणजे पास, चादर म्हणजे नापास. ताटली झाकून ठेवायची, आणि दुसऱ्या दिवशी बघायची.

दुसऱ्या दिवशी नेमकं मोठ्या बाईंच्या घरी रंगकाम निघालं! मोठ्या बाई म्हणजे प्रयोगशाळेच्या प्रमुख. रंगाच्या वासाने डोकं उठलं म्हणून त्या रोजच्यापेक्षा खूप आधी कामावर आल्या, रिकाम्या बसवेना म्हणून त्यांनी ताटली उघडली, निकाल वाचले, कॉम्प्युटरवर चढवले आणि संबंधितांना कळवूनही टाकले. बाईंचा कामाचा उरक असा, की डॉक्टर शीळ घालत आत शिरले तेव्हा सगळं आटोपलं होतं!

"या डॉक्टर, या!" आयुष्यात प्रथमच मोठ्या बाई त्यांच्यासाठी खुर्चीतून उठल्या. "काय नजर आहे हो तुमची! काकूंच्या फार्मवरचे पहिले सहा नर स्वच्छ. पण तो सातवा! केवढी चादर पसरलीय! रक्त कितीही पातळ करा, चादर काही हटत नाही. तुम्ही नसता तर हा रोगट नर प्रदर्शनात शिरला असता!"

डॉक्टरांची शीळ ओठातच विरली.

"सातवा... नापास?"

"सपशेल! मी सरकारी तपासनिसांना कळवलंय. 'नर सात ताबडतोब वेगळा काढा, माद्यांच्या जवळपास फिरकू देऊ नका.' बरोबर ना?"

डॉक्टरांनी बोलायला तोंड उघडलं. पण मोठ्या बाई एवढ्या कौतुकाने बघत होत्या, की ते तसंच मिटलं. सांगू, जरा वेळाने सांगू, असं म्हणत ते बाहेर व्हरांड्यात आले आणि हा परजीवी कच्च्या मांसातूनही माणसात शिरतो, हे आठवून त्यांनी घरी फोन लावला.

"अगं, आपण कधी कच्चं मांस खाल्लंय का?"

"अहो, नोकरीवर बसून हेच प्रश्न पडतात का तुम्हाला?" बायको म्हणाली.

"सांग ना!"

"वांग्याचं देठ कच्चं राहिलं तर ताट सरकवता, आणि म्हणे कच्चं मांस! का? काय झालंय?"

"मग हे मला आलं कुठून?"

"काय आलं? अहो, नीट सांगा! आणि हे बघा, आज कर्नलची पेटी साफ न करताच गेलात. केव्हाचा येऊन माझ्यावर गुरकावतोय!"

कर्नल! चांगला गलेलठ्ठ बोका. डॉक्टरांच्या उशीवर झोपणारा. आणि त्याची घाणीची पेटी रोज सकाळी साफ करणार कोण? डॉक्टर! ती कशीबशी आटोपून, हातावर पाण्याचे दोन थेंब उडवून, थेट नाश्त्याला बसणार कोण? तेही डॉक्टरच! आसपासच्या झाडून सगळ्या फार्मवरची मांजरं हाकलायला लावणाऱ्या माणसाच्या मनात, आपल्या घरातलं मांजर हेसुद्धा मांजरच असतं, हे कधी आलंच नव्हतं!

"मग बोलतो," म्हणून त्यांनी फोन ठेवला. तो लगेच पुन्हा वाजला. काकू होत्या. फोन कानापासून हातभर लांब धरला तरी शब्दन् शब्द ऐकू येत होता.

"अहो साहेब! माझ्याकडे नर सहा! हा सातवा तुम्ही कुठून आणलात? इथे तो तपासनीस आलाय, पलंगाखाली टॉर्च मारून बघतोय!"

तेवढ्यात मोठ्या बाई बाहेर आल्या. "डॉक्टर, तपासनिसांचा निरोप आहे. सातवा नर लपवून ठेवलाय म्हणतात. रक्त तुम्ही घेतलंत, तुम्हीच ओळखाल. जा, आणि दाखवून द्या!"

झालं! स्वतःला शोधून काढायला डॉक्टर गाडीत बसले.

तपासनीस नोकरीत नवा होता आणि कामाला अधाशी होता. भर उन्हात टॉर्च पेटवून फिरत होता. गवताच्या गंजीत त्याने काठ्या खुपसून पाहिल्या होत्या, न्हाणीघराची कडी काढायला लावली होती, आणि धान्याच्या पिंपात तर तो कमरेपर्यंत उतरून आला होता. काकू त्याच्या मागे मागे, "पिंपात डुक्कर मावेल का हो, तुम्हीच तेवढे मावलात!" असं सुनावत फिरत होत्या. सहाही नर कुंपणाला नाकं लावून हा तमाशा बघत होते.

"आलात डॉक्टर! आता सांगा," तपासनिसाने पेन उघडलं. "सातवा नर दिसायला कसा आहे?"

खरं बोलायची हीच वेळ होती. पण तोंडातून वेगळंच आलं.

"कसा म्हणजे... मध्यम बांध्याचा. पोट जरासं सुटलेलं."

"रंग?"

"गव्हाळ."

"केस?"

"पूर्वी दाट होते," डॉक्टर खाली बघत म्हणाले. "आता मागच्या बाजूला थोडे उरलेत."

"वय?"

"तसा... प्रौढ."

"स्वभाव? अंगावर येतो का?"

"छे हो! गरीब आहे बिचारा. जरा शेखी मिरवतो, एवढंच."

"शेखी?" तपासनीस लिहिता लिहिता थांबला. "डुक्कर?"

काकूंचा मात्र आता धीर सुटला. प्रदर्शन तोंडावर आलेलं, आणि हा माणूस सगळं फार्म बंद करायची भाषा करत होता. त्या तरातरा कुंपणापलीकडच्या शेजाऱ्याकडे गेल्या आणि त्याचा एक नर दोरीला धरून ओढत घेऊन आल्या.

"हा घ्या तुमचा सातवा! कुठे गेला होता कुणास ठाऊक, आत्ता सापडला! आता माझ्या सहा जणांना सोडा!"

तो बिचारा काळाभोर, केसाळ आणि दिसायला राजबिंडा होता. त्याने सगळ्यांकडे बघून शेपूट हलवलं.

"रंग गव्हाळ म्हणाला होतात," तपासनिसाने टॉर्च मारला. "केसही भरपूर दिसतात."

"घाबरल्यावर काळा पडतो!" काकू म्हणाल्या. "आणि केस कालच उगवले!"

तपासनिसाला कसंही करून सातवा नर हवाच होता. त्याने मान हलवली. "ठीक आहे. हा सापडला म्हणून मी फार्म बंद करत नाही. पण लपवालपवी झालीय, तेव्हा सहाही नर प्रदर्शनातून बाद! आणि हा सातवा आत्ताच्या आत्ता कत्तलखान्यात जाईल!"

काकूंच्या हातातली दोरी गळून पडली. इतका वेळ गगन भेदणारा आवाज एकदम बारीक झाला.

"कत्तलखान्यात? अहो, तो नाही हो... त्याचा काय दोष? साहेब, तुम्ही तरी सांगा ना यांना काहीतरी!"

त्या डोळ्यांत पाणी आणून डॉक्टरांकडे बघत होत्या. शेजाऱ्याचा नरही बघत होता, आणि त्याने डॉक्टरांच्या घोट्याला मोठ्या विश्वासाने नाक घासलं. ते ओलं नाक डॉक्टरांना पायमोज्यातून जाणवलं, आणि इतका वेळ दाबून ठेवलेलं सगळं एका दमात बाहेर पडलं.

"थांबा! हा सातवा नर नाही! सातवा नर मी आहे!"

तपासनिसाने टॉर्च डॉक्टरांच्या तोंडावर मारला.

"डॉक्टर," तपासनीस हळूच म्हणाला, "जरा सावलीत बसता का?"

"मला काही झालेलं नाही! म्हणजे झालंय! ते माझं रक्त होतं! मीच तपासलं, मीच 'नर सात' म्हणून नोंदवलं, आणि मीच नापास झालो!" डॉक्टरांनी बाही वर केली. दंडाखाली सुई टोचल्याची खूण होती. "घरी मांजर आहे. उशीवर झोपतं. काकूंची सहाच्या सहा जनावरं स्वच्छ आहेत. रोग आहे तो मला!"

काकूंनी आधी त्या खुणेकडे पाहिलं. मग डॉक्टरांच्या पोटाकडे. मग मागच्या बाजूला उरलेल्या केसांकडे. मग त्या जवळच्या पालथ्या घातलेल्या बादलीवर मट्कन बसल्या आणि अशा हसल्या, अशा हसल्या, की कुंपणावरचे कावळे उडाले! "शेखी मिरवतो म्हणे!" त्यांना श्वास घेता येईना. "अहो, माद्यांजवळ फिरकू देऊ नका म्हणे! अगं बाई गं, माझं पोट!"

तपासनिसाने थोडा वेळ गंभीर राहायचा प्रयत्न केला. मग आपण लिहून घेतलेलं वर्णन त्याने डॉक्टरांकडे बघत पुन्हा एकदा वाचलं, आणि टॉर्च विझवून तोही काकूंच्या शेजारी बसला. डोळे पुसत त्याने मोठ्या बाईंना फोन लावला आणि सगळं सांगितलं. पलीकडून खिंकाळल्यासारखा एक विचित्र आवाज आला. मोठ्या बाई हसत होत्या! प्रयोगशाळेत तो आवाज आजवर कुणी ऐकला नव्हता.

काकूंनी डॉक्टरांना उपाशी जाऊ दिलं नाही. गरम गरम जेवू घातलं, दोनदा वाढलं आणि वर 'नर सात वेगळा काढा' म्हणत त्यांचं ताट वेगळं ठेवून पुन्हा हसून घेतलं. आश्चर्य म्हणजे डॉक्टरांनाही हसू यायला लागलं होतं. जाता जाता शेजाऱ्याच्या नराचं डोकं खाजवून ते गाडीत बसले, तेव्हा त्यांना खूप वर्षांनी हलकं हलकं वाटत होतं.

प्रयोगशाळेत मोठ्या बाईंच्या खोलीत त्यांची बायको बसली होती! सकाळचा तो अर्धवट फोन ऐकून ती धास्तावून धावत आली होती. मोठ्या बाईंकडून सगळं कळल्यावर तिने ओळखीच्या डॉक्टरांना, म्हणजे माणसांच्या, फोनवर विचारूनही घेतलं होतं. धडधाकट माणसाला यात घाबरण्यासारखं सहसा नसतं, रक्तात जुनी खूण राहते, पुढे तपासून खात्री करू, आणि हात साबणाने धुवा, असं ते म्हणाले होते. आता ती आणि मोठ्या बाई चहा पीत होत्या, आणि दोघींचे डोळे हसून हसून लाल झाले होते.

"या नर सात!" मोठ्या बाई म्हणाल्या. "काकूंचा दाखला निघाला. रविवारी सहाही जण मिरवतील. पण तुम्ही काही कॉम्प्युटरमधून निघत नाही आहात!"

"म्हणजे?"

"एकदा नोंदवलेलं जनावर पुसता येत नाही. बाहेर काढायचं तर कारण द्यावं लागतं. आणि कारणं तीनच आहेत. बसा, तुम्हीच निवडा."

डॉक्टर बसले आणि पडद्याकडे वाकले. मेला. खच्ची केला. विकला.

"मेला नको," ते घाईने म्हणाले. "तो तपासनीस प्रेत बघायला येईल!"

"मग दुसरं?" मोठ्या बाईंनी चष्म्यावरून पाहिलं.

डॉक्टरांनी पायावर पाय घट्ट टाकला. "विकला! विकलाच बरा!"

त्यांनी बटण दाबलं. पडद्यावर नवी चौकट उघडली. 'घेणाऱ्याचं नाव?'

"घाला माझं," बायको कप खाली ठेवत म्हणाली. "लग्नातच घेतलाय. परत करायची मुदतही केव्हाच संपली!"

डॉक्टरांनी मुकाट्याने तिचं नाव घातलं. पुन्हा एक चौकट उघडली. 'घेण्यापूर्वी जनावर तपासून घेतलं होतं का?'

"कुठलं हो!" बायको म्हणाली. "घरच्यांना पसंत पडलं, म्हणून आणलं!"

आणि डॉक्टरांनी, स्वतःच्याच बोटाने, 'नाही' दाबलं.